बिनचिठ्ठीची वायर

प्रिय खटपट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे जिवंत आहेत. अण्णा पलीकडच्या खोलीत पेन्सिलीला टोक काढत बसलेत आणि टोक मोडलं की पेन्सिलवाल्याला नावं ठेवतायत, म्हणजे तब्येत उत्तम. मीही धडधाकट आहे, फक्त जरा ओशाळलेली आहे, आणि का ते पुढे येईलच. मला सगळं क्रमाने सांगू दे. बँकेच्या शाखा तपासण्यात आयुष्य काढलेल्या बाईला शेवट आधी सांगता येत नाही. आधी पुरावे, मग निष्कर्ष, मग सही. वाचताना तुला कंटाळा आला तर येऊ दे. तू आमच्या मशिनांभोवती जे जाळं विणून ठेवलं आहेस ते उलगडताना मला जेवढा आला, त्यापेक्षा कमीच येईल.

तू अण्णांचं इमारतींच्या नकाशांचं ऑफिस सोडलंस आणि मी बँक सोडून त्या ऑफिसात आले. हे म्हणाले, आता घरी बस, वाच, फिर. पण अण्णांना एकटं टाकून मी कुठे फिरणार होते? वारसा म्हणून माझ्या वाट्याला काय आलं, तर शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, नकाशांच्या नळकांड्या, नकाशे छापणारा करकरणारा प्लॉटर, चार-पाच मशिनं आणि त्या सगळ्यांना बांधून ठेवणारी तुझी वायरिंग. लोक मुलींना दागिने देतात, मला वायरी मिळाल्या. आणि वायरी तरी कशा, तर प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. नकाशे रेखाटून देणाऱ्या ड्राफ्टिंगच्या बाईंच्या मशीनची वायर म्हणजे ‘बाईसाहेब’, प्लॉटरची ‘ढेरपोट्या’, दाराजवळच्या मशीनची ‘पाहुणा’. तुझं जुनं मशीन माझ्याकडे आलं, त्याच्या वायरीवर नुसतं ‘मी’. वर सगळे पासवर्ड एका पाकिटात घालून ठेवलेले. इतकी टापटीप बघून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. मला संशय आला. बँकेत जिथे टेबल फार स्वच्छ दिसायचं तिथे मी खणही उघडून बघायची. आई म्हणायची ते तुला आठवत असेल, हिला देवाने डोळ्यांऐवजी भिंग दिलंय, आणि तेही फक्त डाग दिसणारं.

तू गेलास त्या दुपारी तुम्हा बापलेकांत काय झालं ते मला कुणीच धड सांगितलं नव्हतं. अण्णा एवढंच म्हणाले, त्याला मोठ्या कंपनीत मोठे पूल बांधायचेत, आपलं ऑफिस त्याला लहान पडतं. तू म्हणालास, ताई, मला काही विचारू नकोस. बाई म्हणाल्या, मी प्लॉटरपाशी होते, तो फार आवाज करतो, मला काही ऐकू आलं नाही. तिघांनी तीन दिशांना तोंडं फिरवली की कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला तपासनीस असावं लागत नाही. मी आपली सरळ गोष्ट जुळवली. मुलाला घाई झाली, बाप अडून बसला, आणि आता मुलगा एकेक करून गिऱ्हाइकं स्वतःकडे ओढणार. मला राग आला तो तू गेलास याचा नव्हता. अण्णांच्या नावावर लोक डोळे मिटून घरं बांधतात, ते नाव त्यांनी उभ्या आयुष्यात जपलं, आणि त्याला घरातूनच वाळवी लागावी याचा होता. हे नाव वाचवायचं असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि कुणापासून वाचवायचं तेही.

तशी वर्षभर काही अडचण आली नाही. मग नियम बदलला. इमारतीचे नकाशे आता ज्याची सही त्याने स्वतःच्या मशीनवरून सरकारी साइटवर चढवायचे असं आलं. अण्णांच्या मशीनवर ती साइट उघडायला गेले तर ती उघडेना. दुसरी उघडून पाहिली, तीही नाही. बातम्या नाहीत, हवामान नाही, काही म्हणजे काही नाही. बाहेर बाईंच्या मशीनवर सगळं छान चालू. मी म्हटलं, अण्णा, तुमच्याकडे इंटरनेट नाहीये. ते म्हणाले, नसेल, मला कशाला हवंय, माझी मेल जाते. आणि खरंच जात होती. रोज दुपारच्या चहानंतर अण्णा केबिनचं दार लोटून घ्यायचे, काम झालेला नकाशा मेलने गिऱ्हाइकाला पाठवायचे आणि चष्मा पुसत बाहेर यायचे. आता मला सांग, ज्या मशीनवर इंटरनेट नाही त्यावरून मेल कशी जाते? नळाला पाणी नाही आणि बादली मात्र भरते. मी अण्णांना हे विचारलं तर म्हणाले, चाललंय ना, मग त्याला हात लावू नकोस. ज्या घरात हात लावू नकोस म्हणतात तिथे आधी हात लावायचा हे माझं जुनं धोरण.

अण्णा डोळे तपासायला गेले त्या दिवशी मी साडीचा पदर खोचून कामाला लागले. आधी वायर. म्हटलं उंदराने कुरतडली असेल. अण्णांची वायर काढून बाईंच्या मशीनला लावली, बाईंचं बंद पडलं. बाईंची वायर अण्णांच्या मशीनला लावली, तर इंटरनेट आलं नाही ते नाहीच, आणि मेलही जायची थांबली. आता गंमत बघ. बाईंच्या वायरीने अण्णांचं मशीन पूर्ण मुकं होतं आणि स्वतःच्या वायरीने अर्धं बोलतं. म्हणजे दोघांतही काहीतरी होतं, मशीनमध्येही आणि वायरीतही. मी नेटवाल्याला बोलावलं. तो पडद्यावर अंगठ्याएवढ्या पोराचा फोटो असलेला फोन टेबलावर ठेवून खाली बसला, थोडा वेळ टकटक केली आणि म्हणाला, बाकीची मशिनं बाहेर जायचा रस्ता राउटरला विचारतात, या मशीनला रस्ता हाताने लिहून दिलाय. मी विचारलं, चुकून? तो म्हणाला, छे, ज्याने केलंय त्याने नीट विचार करून केलंय. राउटरकडे जाऊच नको, त्या अमुक पत्त्याकडे जा, असं लिहिलंय. मी विचारलं, तो पत्ता कुणाचा? तो म्हणाला, तुमच्याच ऑफिसातला आहे, शोधा. आणि पुढचं काम आहे म्हणून निघून गेला. असली माणसं तोंडात अर्धी गोष्ट ठेवून जातात, हा अनुभव आहे.

मग मी वायरीचा माग काढत गेले. भिंतीच्या कडेने, कपाटामागून, बेसिनवरच्या माळ्यापर्यंत. ती पांढरी वायर होती, आणि त्या अख्ख्या ऑफिसात एकटी तीच अशी होती की जिच्या एकाही टोकाला चिठ्ठी नव्हती. ज्या माणसाने प्लॉटरला ढेरपोट्या म्हणून बारसं केलं, त्याने बापाच्या वायरीला नाव ठेवलं नाही. स्टूल घेऊन माळ्यावर चढले. जुन्या नळकांड्यांच्या मागे साबणाच्या वडीएवढी काळी डबी, हिरवा दिवा लुकलुकवत बसलेली. धूळ नळकांड्यांवर होती, डबीवर नव्हती. नेटवाल्याला परत बोलावलं, या खेपेला चहा पाजला आणि गोष्ट पुरी करून घेतली. ती डबी अण्णांची मेल घेते, गिऱ्हाइकाकडे न पाठवता आधी बाहेरच्या एका मशीनला देते, आणि तिथून रात्रीत कधीतरी ती पुढे जाते. बाकी सगळ्याला ती दार बंद करते. आणि बाहेरच्या त्या मशीनचं नाव काय, तर ‘खटपट’. तुला चोरीच करायची होती तर नाव तरी बदलायचंस. मला राग आला, आणि खरं सांगते, राग येताना एक प्रकारचं समाधानही वाटलं. शाखेत महिनाभर शोधून शेवटी खोटी सही सापडली की जसं वाटतं तसं.

तुझ्याकडे अण्णांचा प्रत्येक नकाशा आधी जातोय. म्हणजे कुणाचं काम चाललंय, कुठल्या प्लॉटवर, किती मजले, सगळं तुला गिऱ्हाइकाच्या आधी ठाऊक. आणि बापाला बाहेरचं जग बंद, म्हणजे त्याला काही कळायला नको. सगळं कसं चपखल बसत होतं. आता मला कळतं की ज्या दिवशी सगळं फार चपखल बसतं त्या दिवशी थांबून पाणी प्यावं. तेव्हा मी पाणी प्यायले नाही. तुला मेसेज केला तो माझ्या फोनमध्ये अजून आहे, मी तो पुन्हा वाचायचं धाडस करत नाही. बापाच्या पाठीत सुरा, असलं काहीतरी त्यात होतं. तुझं उत्तर लगेच आलं. पांढरी वायर काढू नकोस ताई, पुढचे काही आठवडे तर मुळीच नको, फोन कर म्हणजे सांगतो. हे वाचून निरपराध माणसालासुद्धा संशय आला असता, आणि मी तर मी. पुढचे काही आठवडे का नको? काय साधायचंय तुला तेवढ्यात? मी तुझा नंबर बंद करून टाकला. त्याच संध्याकाळी ऑफिसचा फोन वाजला, मी उचलला, तू नुसतं ‘ताई’ म्हणालास आणि मी ठेवून दिला. परत वाजला. परत ठेवला. बाई मान वर करून बघत होत्या. मी म्हटलं, राँग नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा यायच्या आत मी डबी काढली, पांढरी वायर गुंडाळून ठेवली, नवी वायर टाकून घेतली आणि अण्णांच्या मशीनला इतरांसारखाच राउटरचा रस्ता दिला. साइट उघडली. मेलही सरळ जाऊ लागली. नेटवाला म्हणाला, आता झालं बघा सगळं सरळ. मी तुझ्या शिस्तीप्रमाणे नव्या वायरीला चिठ्ठीसुद्धा लावली, ‘अण्णा’. ते आल्यावर एवढंच सांगितलं की नेट आलंय. ते हं म्हणाले. डबीबद्दल बोलले नाही. म्हटलं, म्हाताऱ्या जिवाला कशाला दुखवायचं, पोटचा पोरगा काय करत होता हे सांगून. दुपारच्या चहानंतर त्यांनी दार लोटलं, नकाशा पाठवला आणि चष्मा पुसत बाहेर आले. नेहमीसारखंच.

तीन-चार दिवसांनी ते जाड भुवयांचे ठेकेदार जिना चढून वर आले. ते कधी येत नाहीत, त्यांचं सगळं फोनवर असतं. अण्णा जेवायला घरी गेले होते. ठेकेदारांनी दार लावलं, खुर्चीच्या टोकावर बसले आणि हातातली गुंडाळी उलगडली. म्हणाले, ताई, फोनवर बोलायचं नव्हतं म्हणून आलो, हा नकाशा अण्णांचाच ना? सही अण्णांचीच होती. मग त्यांनी मला बाल्कनीवर बोट ठेवून दाखवलं. खाली खांब नसलेली, नुसती भिंतीतून बाहेर आलेली बाल्कनी. तिचं मुख्य लोखंड वरच्या अंगाला लागतं, कारण ती वाकते ती वरून फाटून. नकाशात ते खालच्या अंगाला दाखवलं होतं. तसंच ओतलं असतं तर टेकू काढल्याक्षणी बाल्कनी खाली, आणि टेकू काढायला माणसं खालीच उभी असतात. ते हे सगळं अगदी हळू आवाजात सांगत होते. म्हणाले, अण्णांच्या हातून असं कधी होत नाही, मी काम थांबवलंय, कुणाला बोललो नाही. मी त्यांना पाणी दिलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेले. शिंप्याने मान हलवून नमस्कार केला, मी तशीच परत वर आले.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? तूच काहीतरी केलंस. मी वायर काढली म्हणून जाता जाता नकाशात घोळ करून ठेवलास. एवढं झालं तरी भिंग तुझ्याकडेच वळलेलं. मी गुंडाळी बाईंच्या टेबलावर टाकली आणि विचारलं, बाहेरून कुणी अण्णांच्या मशीनमध्ये शिरून नकाशा बदलू शकतं का? बाई उठल्या, कपाट उघडलं आणि गेल्या वर्षातले कागद काढायला लागल्या. प्रत्येक कामाचे दोन. एक अण्णांनी काढून ऑफिसात छापलेला, एक बांधकामावरून परत आलेला, गिऱ्हाइकाला मिळालेला. शेजारी शेजारी ठेवत गेल्या. एकीकडे जिन्याखालचा खांब नव्हता, दुसरीकडे होता. एकीकडे सळई बारीक, दुसरीकडे जाड. एकीकडे माप चुकलेलं, दुसरीकडे बरोबर. सगळे नकाशे असे नव्हते, बरेचसे दोन्हीकडे सारखेच होते. पण जिथे चूक होती तिथे बरोबर केलेल्या मापांच्या टोकांना बाण नव्हते, तिरप्या रेघा होत्या. अण्णा आयुष्यभर बाण काढत आले. बाणांना वेळ लागतो म्हणून तिरप्या रेघा मारणारा आणि त्याबद्दल कॉलेजपासून बोलणी खाणारा माणूस आपल्या घरात एकच. बाईंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. मग त्यांनी त्या दुपारचंही सांगितलं. तू म्हणालास, अण्णा, नकाशा बाहेर जाण्याआधी दुसरे डोळे फिरू देत. आणि अण्णा म्हणाले, मी उभ्या केलेल्या इमारतीत तू जन्मलास, तू मला तपासणार? ढेरपोट्या त्या दिवशी बंद होता.

खटपट्या, तू हे मला का नाही सांगितलंस, असं मी आता विचारणार नाही. सांगितलं असतंस तर मी अण्णांच्या अंगावर धावून गेले असते, पुरावे मांडले असते आणि त्यांच्याकडून कबुलीवर सही घेतली असती. तू ओळखून होतास. त्यांची सही तशीच राहू दिलीस, नाव तसंच राहू दिलंस आणि दिवसभर कंपनीत राबून संध्याकाळी त्यांच्या चुका निस्तरत बसलास, आणि बाहेर सगळ्यांना वाटू दिलंस की पोरगा बापाला सोडून गेला. हे लिहिताना माझे डोळे भरून आलेत आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

अण्णा जेवून आले. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय नाही. मी नुसता नकाशा पुढे ठेवला आणि म्हटलं, ठेकेदार येऊन गेले. त्यांनी बाल्कनी बघितली. मला वाटलं आता भडकतील, नाहीतर खचतील. दोन्ही झालं नाही. ते कागद खिडकीकडे घेऊन गेले, मापांची टोकं एकेक करून बघितली आणि म्हणाले, बाणच आहेत. मग वळून विचारलं, याने का नाही बघितलं? मी म्हटलं, कुणी? ते म्हणाले, कुणी काय, तुझ्या भावाने. त्यांना माहीत होतं, खटपट्या. तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांत एका बांधकामावर गेले असताना भिंतीवर टाचलेला स्वतःचा नकाशा त्यांनी पाहिला, खाली स्वतःची सही, आणि मापांना तिरप्या रेघा. म्हणाले, तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसलो. आधी संताप आला. मग दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला. पोरगा बरोबर होता. तेव्हापासून ते दुपारीच पाठवतात, का, तर त्याला संध्याकाळी वेळ मिळतो, रात्री जागायला नको. वर्षभर बाप मुलाकडे काम पाठवतोय आणि मुलगा बापाकडून चोरून काम घेतोय आणि दोघांनाही वाटतंय की दुसऱ्याला पत्ता नाही. अशी माणसं आपल्याच घरात जन्माला यायची होती.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आहे तसं लिहिते, त्यावर माझं मत मागू नकोस. म्हणाले, ही बाल्कनीची चूक मी मुद्दाम केली होती. आपण लहान असताना ते रविवारी घराचं चित्र काढून द्यायचे आणि त्यात एक चूक ठेवायचे, दार जिन्यावर उघडणारं किंवा न्हाणीघराला खिडकीच नाही, आणि ती शोधायला सांगायचे. मी दमून जायची, तुला पटकन सापडायची आणि मग तू घरभर नाचायचास. म्हणाले, पहिलीतल्या पोरालासुद्धा दिसेल अशी ठेवली होती, म्हटलं बघून हसेल, कदाचित फोन करेल, शिव्या द्यायला का होईना. आता हे खरं, की चूक झाल्यावर केलेली सारवासारव, मला कळलं नाही. त्यांचा हात थरथरत होता, पण तो हल्ली नेहमीच थरथरतो. माणूस खोटं बोलताना कुठे बघतो हे मला ठाऊक आहे, पण मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला तपासावंसं वाटलं नाही. तेच पुढे म्हणाले, एवढी मोठी चूक त्याच्या नजरेतून सुटणार नाही, म्हणजे त्याने नकाशा बघितलाच नाही. बरा आहे ना गं तो? आणि मग खुर्चीत बसून स्वतःशीच म्हणाल्यासारखं, तो बघेपर्यंत आता काही बाहेर पाठवू नकोस.

मी मान हलवली. वायर मी काढली हे मला तेव्हा सांगता आलं नाही, रात्री जेवताना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, तुला नेट चालू करायचं होतं, तू केलंस. मग मी तुझा नंबर उघडला आणि फोन लावत बसले. बंद. तुझ्या कंपनीत केला. तिथल्या बाई म्हणाल्या, साहेब पुलाच्या साइटवर गेलेत, नदीच्या वरच्या अंगाला, तिथे फोन लागत नाही, काही आठवडे तिथेच आहेत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हेच सांगायला तू दोनदा फोन केला होतास. तू नसताना डबी नकाशे अडवून ठेवणार होती, एकही बाहेर जाणार नव्हता, आणि बाकीची दारं तू बंद केलीस तीही नकाशाला दुसरी वाट राहू नये म्हणून. मी दार उघडून दिलं. मी ती डबी पुन्हा माळ्यावर ठेवली आहे, पांढरी वायर पुन्हा लावली आहे, हिरवा दिवा लुकलुकतोय, पण तू नाहीस तर तिच्या पलीकडे कुणी नाही. काम सगळं थांबवलंय. ठेकेदारांना सांगितलंय की सुधारलेला नकाशा येईपर्यंत बाल्कनीला हात लावू नका, त्यांनी कबूल केलंय. कंपनीच्या बाई म्हणाल्या, आठवड्याला सामानाची गाडी जाते, पत्र द्या, ड्रायव्हर नेऊन देईल. म्हणून हे पाकीट.

खरं तर मला फक्त माफी मागायची होती, आणि ती एका ओळीत झाली असती. पण काल अण्णांनी मी काय लिहितेय ते विचारलं. मी सांगितलं. ते आत गेले, बराच वेळ आले नाहीत, आणि आले ते हातात घडी केलेला कागद घेऊन. म्हणाले, हाही पाकिटात टाक. बाल्कनीचा नकाशा आहे, पुन्हा हाताने काढलेला, पेन्सिलीने, आणि या वेळी मापांना बाण नाहीत, तिरप्या रेघा आहेत, थरथरत्या हाताच्या. मी विचारलं, याच्यात चूक आहे का? म्हणाले, ते त्याला विचार. लोखंड वर आहे, तेवढं मी पाहिलं, बाकीचं मला कळत नाही. हे पत्र आणणाऱ्या ड्रायव्हरला विचार, जवळपास कुठे उंच जागी फोन लागत असेलच. अण्णा म्हणाले, चूक सापडली तर फोन कर म्हणावं. आणि नाही सापडली तर? असं मी विचारलं, तेव्हा पेन्सिलीला टोक काढत म्हणाले, नाही सापडली तरी कर म्हणावं.

तुझीच, वायर परत लावणारी,
ताई